हिराचं डालगं

मंचरच्या बाजार समितीकडून हायवेला लागलं की डाव्या हाताला सुदर्शनचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. आता तिथे मोठी शेड आहे, आठ माणसं कामाला आहेत आणि दारावर त्याच्या नावाची भलीमोठी पाटी आहे. जाणारे-येणारे म्हणतात, सुदर्शनने नाव काढलं. काढलं खरं. पण त्या पाटीखालून आत जाताना तो कधी मान वर करत नाही. लोकांना वाटतं, माणूस नम्र आहे. लोकांना काय, काहीही वाटतं.

चार वर्षांमागे तिथे पत्र्याचं एक गळकं छप्पर होतं. सुदर्शनच्या हाताला मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. गेट, ग्रिल, जिने, उसाच्या ट्रॉल्या, कांदा साठवायच्या बराखींचे सांगाडे, सांगाल ते तो बनवायचा, आणि पंधरा वर्षं तेच ते बनवत होता. त्याची उठबस सगळी वेल्डरांत. आता एक वेल्डर दुसऱ्या वेल्डरला काय नवीन सांगणार? रॉड कोणता चांगला, अँगल कुठे मिळतो आणि आज लाइट किती वाजता जाणार. त्याची बायको वृषाली आरोग्य केंद्रात नर्स होती. ती एकदा वैतागून म्हणाली, "अहो, रात्रंदिवस लोखंडाच्याच माणसांत बसता, म्हणून डोक्यालाही गंज चढायला लागलाय. जरा वेगळ्या चार लोकांत बसा की."

सुदर्शनला ते लागलं. लागलं म्हणून तो लगेच सुधारला असं नाही. तो दोन दिवस रुसून बसला, आणि तिसऱ्या दिवशी जानकू त्याच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला.

जानकू मेंढपाळ. साठी उलटलेला, लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, हातात घोड्याच्या खोगिराची तुटलेली कडी. दिवाळी झाली की त्याचं बिऱ्हाड पारनेरकडून इकडे उतरायचं आणि शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवत हिंडायचं. दोन-तीन रात्री मेंढ्या एका रानात बसल्या की त्या रानाला लेंडीखत मिळतं; मग बिऱ्हाड घोड्यावर लादायचं आणि पुढच्या रानात जायचं. त्या आठवड्यात मेंढ्या सुदर्शनच्याच अवसरीच्या रानात बसल्या होत्या. भावाने ठरवलं होतं, याला पत्ताच नव्हता.

"तुमच्याच रानात हाय, पावणं," जानकू हसत म्हणाला. "सांजच्याला या च्या प्यायला. आमच्या मेंढ्यांनी तुमचं रान बघितलं, तुमी बघितलं नसंल लई दिसांत."

सुदर्शन गेला. दिवस कलला होता. मेंढ्या सुताच्या जाळीच्या कुंपणात बसवल्या होत्या आणि जानकूची बायको भिमाबाई उघड्यावरच अंथरूण घालत होती. तिच्याजवळ तीन वर्षांची नात बसली होती, हिरा. हिराचे आईबाप चाकणला कंपनीत कामाला, खोली एवढीशी, दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. म्हणून पोर आजी-आजोबांकडे. भिमाबाईने पोरीला अंथरुणावर घेतलं, लुगड्याच्या पदराचं टोक तिच्या घोट्याला बांधलं आणि गाठ ओढून बघितली.

"हे काय, मावशी?" सुदर्शनने विचारलं.

"वाघाचं भ्या हाय न्हवं," भिमाबाई म्हणाली. बिबट्याला ती माणसं वाघच म्हणतात. "पोरीला वढलं तर मला जाग येती."

तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं. सुदर्शनने चहा खाली ठेवला. बंद दाराच्या घरात झोपणारा माणूस तो, गावातल्या निम्म्या घरांची दारं त्यानेच बनवलेली, आणि त्याच्या स्वतःच्या रानात एक म्हातारी पदराच्या गाठीवर भिस्त ठेवून झोपत होती. त्याला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेजरटेप घेऊन हजर झाला.

जानकूने कपाळाला हात लावला. "पिंजरा बनवनार व्हय? आदीबी दिल्ता कुनीतरी. चार गड्यांबिगार हलंना. दोन मुक्काम वढला आन दिला टाकून. आता त्येच्यात कुनाच्या तरी कोंबड्या ऱ्हात्यात." मग तो जरा गंभीर झाला. "आमच्यात बिऱ्हाड बाया लादत्यात, पावणं. भिमाबाईला एकटीला उचलंल, घोड्याला पेलंल आन दिस बुडायच्या आत हुबं ऱ्हाईल, आसं काय जमत आसंल तर बोला."

पंधरा वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकाने सुदर्शनला असं काम सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, मजबूत पाहिजे, जड पाहिजे. हा पहिलाच, ज्याला हलकं पाहिजे होतं.

पहिला सांगाडा भिमाबाईने उचलायला घेतला आणि "आरं बाबा" म्हणून खाली ठेवला. दुसरा हलका झाला, पण घोड्यावर चढवल्यावर त्याच्या नळ्या एकमेकींवर अशा वाजायला लागल्या की घोडा उधळला आणि अख्खं बिऱ्हाड पाठीवर घेऊन शेजारच्या उसात शिरला. भिमाबाईची भांडी दोन दिवस सापडत होती. सुदर्शन ओशाळून उभा, आणि जानकू पोट धरून हसतोय. हसून झाल्यावर त्यानेच लोकरीची दोरी वळून नळ्यांना गुंडाळून दिली. आवाज बंद झाला. लोखंडाला लोकरीचा उपाय असतो हे सुदर्शनला बापजन्मी कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्याला विचारायची चटकच लागली. घडी कशी घालायची ते मांडववाल्या धर्माजीने शिकवलं. हजार लग्नांचे मांडव घातलेला माणूस, त्याने चार खिळ्यांत सांगाडा असा दुमडून दाखवला की सुदर्शन बघतच राहिला. जाळीचं वृषालीने सांगितलं. ती जखमा बांधणारी बाई, तिला पंजा कुठवर पोचतो ते ठाऊक. "दोन जाळ्या लावा, मधे वीतभर अंतर ठेवा," ती म्हणाली. "लेकराचं बोट बाहेर जायला नको आणि पंजा आत यायला नको." त्या महिन्यात सुदर्शन पंधरा वर्षांत शिकला नव्हता तेवढं शिकला, आणि शिकवणाऱ्यांत वेल्डर एकही नव्हता.

फेब्रुवारीत ते तयार झालं. एक बाई आणि एक-दोन लेकरं आत आडवी होतील एवढं, आणि घडी केली की घोड्याच्या एका अंगाला मावेल असं. सुदर्शन त्याला पिंजरा म्हणाला तेव्हा भिमाबाईने त्याला गप्प केलं.

"पिंजऱ्यात वाघाला घालत्यात. कोंबडी आपली पिल्लं घिऊन निजती त्येला डालगं म्हनत्यात. हे आमच्या हिराचं डालगं."

हिरा त्या डालग्यावर इतकी खूश झाली की दिवसाही त्यातून बाहेर येईना. सुदर्शन गेला की ती आतून ओरडायची, "मामा, कडी लाव!" तो कडी लावायचा. मग ती ओरडायची, "मामा, कडी काढ!" असं दहा वेळा. सुदर्शनला मूलबाळ नव्हतं. तो दहाच्या जागी वीस वेळा कडी लावायचा.

पंधरा दिवसांत बिबट्या आला. एकदा येऊन गेला, दुसऱ्यांदा डालग्याला पंजा मारून गेला. बाहेरच्या जाळीवर ओरखडे उठले, आत हिराची झोपही मोडली नाही. सकाळी जानकूचा फोन आला. "पावणं," एवढंच तो दोनदा म्हणाला, आणि फोन भिमाबाईकडे दिला. भिमाबाई म्हणाली, "भाऊ, चाळीस वर्सांत मी आशी गाढ निजले न्हवते."

ही गोष्ट इथेच थांबती तर किती बरं झालं असतं. पण गोष्ट पसरली. कोणा शिक्षकाने फोटो टाकला, वर्तमानपत्रात चौकट आली, मग साहेब लोक बघायला येऊ लागले. सुदर्शनला नवनवीन माणसं भेटायला लागली: इंजिनिअर, कंपनीवाले, संस्थावाले. सुरुवातीला तो त्यांना प्रश्न विचारायचा, जसे जानकूला विचारले होते. पुढे पुढे प्रश्न कमी झाले आणि कार्डं वाढली. त्याने स्वतःचीही कार्डं छापली आणि लग्नातल्या अक्षतांसारखी वाटत सुटला. ओळख कामाला येते हे त्याला एकदा कळलं होतं; आता ओळख हेच काम होऊन बसलं. वृषालीने एक-दोनदा डोळे वटारले, पण नादाला लागलेल्या माणसाला नवं जग दिसत असतं, बायकोचे डोळे कुठले दिसायला.

मार्चमध्ये पुण्यात एक प्रदर्शन भरलं, शुक्रवार आणि शनिवार. गावोगावच्या कारागिरांनी केलेल्या नव्या वस्तू मांडायच्या होत्या. सुदर्शनला बोलावणं आलं. दुसरं डालगं दुकानात अर्धवट पडलं होतं, पण बोलावणारे म्हणाले, वापरातलंच आणा, ओरखड्यांसकट. लोकांना ओरखडे बघायचे असतात.

जानकूचं बिऱ्हाड तेव्हा जुन्नर तालुक्यात, ओतूरजवळ एका उसाच्या बांधाला होतं. गुरुवारी सुदर्शन पिकअप घेऊन गेला आणि चाचरत विषय काढला. भिमाबाई भाकरी थापत होती, तिचा हात क्षणभर थांबला. जानकू मात्र लगेच म्हणाला, "घिऊन जा की. तुमचीच वस्तू."

"शनिवारी दिवस मावळायच्या आत आणून देतो, बाबा. शब्द देतो."

"शब्द कशाला? आनताल की."

त्या माणसांची एक रीत आहे. एकदा वस्तू दिली की तगादा लावून मागायची नाही. देणाऱ्याने मागितली तर घेणाऱ्याला वाटेल, आपल्यावर भरवसा नव्हता. सुदर्शनला ही रीत माहीत होती. जानकूच्याच तोंडून त्याने ती कौतुकाने ऐकली होती आणि साहेब लोकांना भाषणातही सांगितली होती.

जाताना हिरा पिकअपमागे धावली. "मामा, माझं डालगं!" सुदर्शनने गाडी थांबवून तिला उचललं, म्हणाला, "परवा आणतो. दोन झोपा काढ, लगेच आणतो." तिने दोन बोटं दाखवली. एक बोट नीट उभं राहीना, ते तिने दुसऱ्या हाताने उभं केलं.

प्रदर्शन जोरात झालं. डालग्याभोवती गर्दी हटेना. शनिवारी दुपारी दोनला सगळं आटोपलं, डालगं घडी करून पिकअपमध्ये चढलं, सुदर्शनने किल्लीही लावली. तेवढ्यात एक मोठा कारखानदार गाडीच्या काचेशी आला. संध्याकाळी त्याच्याकडे जेवण होतं, निवडक लोक, एक वरचे अधिकारीही येणार होते. "तुम्ही थांबाच," तो म्हणाला. "अशा ओळखी पुन्हा होत नाहीत."

सुदर्शनने किल्ली काढली. बसल्या जागी त्याने जानकूला फोन लावला.

"बाबा, इथला कार्यक्रम एक दिवसाने वाढलाय. उद्या सकाळी येतो."

मग जानकू म्हणाला, "बरं बरं. एका रातीचं काय. तुमचं काम नीट हूं द्या."

जेवणात सुदर्शन सगळ्यांना आवडला. त्याने भिमाबाईच्या भांड्यांची गोष्ट सांगितली, लोक हसून लोटपोट झाले. अधिकाऱ्याने त्याचं कार्ड खिशात ठेवलं. फोन बंद करून त्याने खुर्चीवरच्या कोटात टाकला होता. कोटही नवाच होता.

रविवारी सकाळी तो नारायणगावपर्यंत आला तेव्हा वृषालीचा फोन आला. ती नुसती म्हणाली, "कुठे आहात? हिरा गेली हो." आणि रडायला लागली.

बिबट्या पहाटे आला होता. गुरुवार आणि शुक्रवार, दोन्ही रात्री जानकू काठी घेऊन जागा राहिला होता. शनिवारी दिवसभर मेंढ्यांमागे चालून पहाटे त्याचा डोळा लागला. भिमाबाईने गाठ बांधली होती. महिनाभर डालग्यात झोपून तिची सवय मोडली होती, तरी तिने आठवणीने बांधली होती. ओढ बसली, ती जागी झाली, दोन्ही हातांनी तिने पदर धरला. गाठ सुटली नाही. पदर फाटला.

सुदर्शन पोचला तेव्हा माणसं जमली होती, हिराला उसातून आणून घोंगडीत गुंडाळलं होतं. चाकणहून तिचा बाप चिमाजी आणि आई आले होते. आई नुसती भिमाबाईच्या हातातला लुगड्याचा तुकडा बघत होती. सुदर्शनला पिकअपमधून उतरवेना. त्याच्या पाठीमागे गाडीत ते डालगं होतं, धड, मजबूत, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. हे काल संध्याकाळी इथे असायला हवं होतं. दुसरं काही त्याच्या डोक्यात येतच नव्हतं.

जानकूच त्याच्याजवळ आला. "आलात व्हय," म्हणाला. मग मागे जाऊन त्याने डालगं एकट्याने खाली उतरवलं. कोणीतरी म्हणालं, आता कशाला ते? जानकू म्हणाला, "मेंढ्यांना चारा न्हाई हितं. उद्या हलायचं हाय. लादाया नगं का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. सुदर्शन मोठ्या कष्टाने म्हणाला, "बाबा, तो कार्यक्रम..." आणि जानकू म्हणाला, "वाढला, त्येला तुमी काय करनार." सुदर्शनने तोंड मिटलं. भ्याला तो. त्या घटकेला त्याला जानकूने आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघू नये एवढंच हवं होतं, आणि त्या भीतीपायी दुसऱ्यांदा तो खोटाच राहिला.

तीन महिने त्याने दुकान उघडलं नाही म्हटलं तरी चालेल. आणि मग ऑर्डर आली. मेंढपाळांना फुकट वाटायला दोनशे डालगी. त्याच जेवणात खिशात गेलेल्या त्याच्याच कार्डावरून आली. त्याला ती फाडून टाकायची होती. वृषाली म्हणाली, "बनवा. दोनशे ठिकाणी लेकरं झोपतील." ती त्याच्याकडे न बघता बोलली. अलीकडे ती त्याच्याकडे बघून बोलायची नाही. सुदर्शनला वाटायचं, दुःखाने.

पावसाळाभर राबून त्याने डालगी बनवली. नवी शेड त्याच कामासाठी घातली. दिवाळीनंतर मेंढपाळ इकडे उतरले आणि वाटप सुरू झालं, तेव्हा एक गोष्ट कळली: कोणी घेईना. रानोरान बातमी आधीच पोचली होती, आणि अर्धीच पोचली होती. ज्याच्याकडे डालगं होतं त्याचीच नात गेली, मग ते घेऊन करायचं काय? दोनशे डालगी शेडमध्ये रचून पडली आणि उघड्या रानांत लेकरं पहिल्यासारखी झोपत राहिली.

एक दिवस जानकू दुकानासमोर येऊन उभा राहिला. वर्षात दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. भिमाबाई आता बिऱ्हाडाबरोबर हिंडत नव्हती, गावीच बसून असायची. जानकू म्हणाला, "घाला गाडीत दहा-बारा. माझ्यासंगं चला. माझं ऐकतील."

ते निघाले. घोडेगावकडची बिऱ्हाडं केली, नारायणगाव, ओतूर. प्रत्येक ठिकाणी जानकू खाली बसायचा, तंबाखू मळायचा आणि सांगायचा. "डालगं व्हतं तवर वाघ दोनदा आला. पोरीच्या केसाला धक्का न्हाई. त्या राती डालगं न्हवतं, म्हनून गेली." सांगताना त्याचा आवाज एकाच जागी चिरकायचा, रोज त्याच जागी. मग कोणीतरी विचारायचंच, त्या रात्री का नव्हतं? जानकू सुदर्शनकडे हात करायचा. "ह्यांनी पुन्याला नेलं व्हतं दावायला. कार्यक्रम वाढला एक दिस. ह्यांचा काय दोस?" बाया सुदर्शनकडे दयेने बघायच्या. एकीने त्याला ताक दिलं. डालगी भराभर जात होती. स्वतःची नात पुढे करून जानकू सुदर्शनच्या मालाची शिफारस करत होता, आणि त्यापेक्षा मोठी शिफारस जगात कोणाला मिळाली नसेल.

मढच्या अलीकडे, नवव्या बिऱ्हाडाहून निघाल्यावर, सुदर्शनने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. ऊन चांगलं वर आलं होतं. स्टिअरिंगवर डोकं टेकवून तो रडायला लागला.

"बाबा, कार्यक्रम वाढला नव्हता. दुपारी दोनलाच संपला होता. मी जेवायला थांबलो. मोठ्या लोकांची ओळख होईल म्हणून थांबलो. गाडीत डालगं होतं आणि मी थांबलो."

जानकू काचेतून समोर बघत होता. "ठावं हाय मला."

सुदर्शनने डोकं वर केलं.

"तुमचा फोन आल्यावर भिमाबाईला चैन पडंना. म्हनाली, परत लावा. तुमचा लागंना, म्हनून घरी लावला. वृषालीताई म्हनल्या, त्ये तर दुपारीच मोकळं झालं, कुनाकडं जेवाया गेल्यात. निरोप देऊ का म्हनल्या. मी म्हनलं, नगं."

सुदर्शनच्या लक्षात आलं, म्हणजे वृषालीलाही माहीत होतं. सकाळी बातमी आली तेव्हाच तिने दोन्हीचा मेळ घातला असणार. वर्षभर ती त्याच्या ताटात भाकरी वाढत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

"नको का म्हणालात, बाबा? निरोप मिळाला असता तर मी ताटावरून उठून आलो असतो. खरंच आलो असतो हो!"

"आला आसता. त्येच तर," जानकू म्हणाला. "दिलेली वस्तू मागाया जीभ रेटली न्हाई माझी. भिमाबाई म्हनत व्हती, मागा, मागा. मी तिच्यावर वरडलो. म्हनलं, एका रातीचं काय. तुमी खोटं बोलला, आन मी मागितलं न्हाई. दोगांनी मिळून घालिवली पोरगी." एवढं बोलून तो घोंगडीत तोंड घालून रडला. वर्षभरात सुदर्शनने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

तो सावरल्यावर सुदर्शन म्हणाला, "पुढच्या बिऱ्हाडावर मी खरं सांगतो. तुम्ही माझी बाजू घेऊ नका. मला ऐकवत नाही आता."

"न्हाई." जानकूने तोंड पुसलं. "खरं सांगितलं तर त्ये काय म्हनतील? बनवनाराच भरवशाचा न्हाई, त्येची वस्तू कशाला घ्या. आन पोरं निजतील उघड्यावर. आमची माणसं माणूस बघून वस्तू घेत्यात, पावणं. तुमाला हलकं वाटावं म्हनून दुसऱ्याची लेकरं घालवू का मी?"

सुदर्शनने गाडी सुरू केली.

मढच्या पुढे डोंगराच्या कुशीला एक बिऱ्हाड होतं. तरुण बाई होती, कडेवर दीड वर्षाची पोर. गडी मेंढ्यांमागे गेला होता. जानकू नेहमीसारखा बसला, तंबाखू काढली, सांगायला लागला. नात, वाघ, डालगं. ठरलेल्या जागी आला आणि त्याचा आवाज चिरकला नाही, बंदच पडला. तो हातातल्या तंबाखूकडे बघत राहिला. त्याला पुढे सांगताच येईना.

बाईने पोर घट्ट धरली आणि सुदर्शनकडे वळली. "मंग भाऊ, त्या राती का न्हवतं डालगं? तुमी येळंवर का न्हाई नेऊन दिलं?"

आजवर हे उत्तर जानकू देत आला होता. सुदर्शनने त्याच्याकडे पाहिलं. जानकू मान वर करत नव्हता. बाई वाट बघत होती, आणि तिच्या मागे उघड्या रानात अंथरूण पडलं होतं.

"कार्यक्रम एक दिवसाने वाढला, ताई," सुदर्शन म्हणाला.

बाईने मान हलवली आणि डालगं ठेवून घेतलं.